ऐच्छिक विषय: मन लावून निवडावा की मार्क बघून?

कातळवाट:
नव्या शैक्षणिक धोरणामुळे ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे ऐच्छिक विषय, आले आणि घरोघरी एकच प्रश्न, ‘मार्क कशात पडतात?’ मला हे पटत नाही. मी केमिस्ट्रीची, जोडीला भूशास्त्र घेतलेलं. नोकरी औषधांच्या कंपनीत, तरी तो विषय पाठ सोडत नाही. भावाच्या रानात बोअर चालू होती. दोनशे फुटांच्या खाली नुसती काळी, कोरडी भुकटी उडत होती आणि गाडीवाला म्हणे, ‘अजून शंभर मारू.’ आपल्याकडच्या बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळात, पाणी असतं ते झिजलेल्या, भेगाळलेल्या किंवा सच्छिद्र थरात. अखंड कातळात कुठून येणार? मी गाडी थांबवायला लावली.

अजित_प:
थांबवलीत, पण कशाच्या जोरावर? दख्खनचा कातळ म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. अखंड कातळाखाली पुढच्या थराचा सच्छिद्र माथा लागू शकतो. तिथे भूवैज्ञानिक हवा, कॉलेजातली आठवण नाही. आणि उपयोगी पडलेला विषयच लक्षात राहतो हो. मी घेतलेलं मानसशास्त्र परीक्षेनंतर एकदाही आठवलं नाही, त्याचा धागा कोण काढणार?

कातळवाट:
आजूबाजूच्या बोअरची खोली आधी विचारून ठेवली होती. पाणी सगळ्यांना वरच्या थरातच लागलंय, खोल गेलेल्या कोरड्या. भूवैज्ञानिक हवाच, पण त्याला काय विचारायचं हे तरी कळायला नको? भाऊ पाणाड्याच्या नारळावर विसंबून होता.

रेखाताई:
मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. ‘मन लावून निवडा’ हे शहरात ठीक. आमच्याकडे ज्या सरांचा वर्कलोड भरत नाही, त्यांचा विषय मुलांच्या गळ्यात पडतो. कॉमर्सच्या मुलीला भूशास्त्र हवं असलं तरी शिकवणार कोण? आधी जागा भरा, मग मुलांना दोष द्या.

डोंगरी:
रेखाताईंशी सहमत, म्हणून तर विषय टिकायला हवेत. 2014 ला माळीण, 2023 ला इर्शाळवाडी, दोन्हीकडे दरड कोसळली. मुरलेलं पाणी, उतारावरची सुटी माती, खालचा कातळ हे वर्गात शिकलो, म्हणून घाटातला स्वस्त प्लॉट नाकारला. घरचे अजून नाराज आहेत.

अजित_प:
प्लॉटचं पटलं. पण मग हे सगळ्यांनाच सक्तीने शिकवा की! ऐच्छिक कशाला?