घरकुलाआधी जागेचा प्रश्न
घरकुलाचे अनुदान वाढवले की खेड्यातील घरांचा प्रश्न सुटेल, हे मत मला अपुरे वाटते. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधून सपाट भागात मिळणारे १ लाख २० हजार रुपये स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी असतात. त्यामुळे ज्याच्या नावावर गावठाणात हातभरही जागा नाही, तो यादीत नाव येऊनही ताटकळतो. आमच्या गावातील एक शेतमजूर कुटुंब मंजुरीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आजही गायरानातील कुडाच्या घरात राहते, आणि पावसाळ्यात ती माणसे रात्रभर भांडी सरकवत बसतात. राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना अशांसाठीच आहे खरी, पण रस्त्यालगतची जागा विकायला कोणी तयारच नसेल तर अर्थसाहाय्य निरुपयोगी ठरते. गावठाण विस्तार आणि अतिक्रमणे नियमित करणे ही कामे किती घरकुले बांधायची याचा लक्ष्यांक ठरवण्याआधीच व्हायला हवीत.