लाडकी बहीण, रजा आणि पगारातले २०० रुपये

बी-७०१: सफाईच्या दोघींनी लाडकी बहीणच्या केवायसीसाठी अर्धा दिवस रजा मागितलीय. माझ्या मते पगार कापावा. आधीच आपल्या टॅक्समधून महिन्याला दीड हजार फुकट मिळतायत. २०२४ ला या योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींचा खर्च धरला होता. तेवढ्यात किती पाणीयोजना झाल्या असत्या!

ए-२०२: सहमत. फुकटची सवय लागली की कामाला माणूस मिळत नाही.

सी-१०४: दादा, थोडं मोठं लिहितेय, वाचा. 'फुकट' हा शब्द मला फार लागला.

तुमच्या पगारातून व्यवसाय कराचे २०० कापले जातात ना, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००? तो कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारानं द्यायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि गावात मागेल त्याला काम. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली. १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. देशपातळीवर असा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. शहरानं गावाचं देणं लागतो असं समजून कर भरायचा, हे या महाराष्ट्रानं कायद्यात लिहून ठेवलं होतं. मला त्याचा अभिमान आहे.

माझं माहेर माण तालुक्यातलं. ७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. कपच्या उडून लागायच्या म्हणून बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळायची. संध्याकाळी पदराच्या गाठीत सुकडी, म्हणजे कामावर मिळणारा कोरडा खाऊ, आणायची आणि आम्हा भावंडांच्या तळहातावर चिमूट चिमूट वाटायची. स्वतः खाल्लेली मी पाहिली नाही. भाकरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, थापतानाच तुटायची. पुढे हमीच्या कामावर आमच्याकडे पाझर तलाव झाला. तो अजून आहे. पाऊस बरा झाला की खालच्या विहिरींना पाणी उतरतं.

बी-७०१: ताई, आईंबद्दल आदरच आहे. पण तुम्हीच सांगताय, तेव्हा घाम गाळून पैसे मिळायचे आणि मागे तलाव राहायचा. आता काय राहतं?

सी-१०४: हा मुद्दा मला पटतो. दीड हजारातून तलाव होत नाही. निवडणुकीच्या तोंडावर पैसे सुरू करायचे, वर २,१०० चा शब्द द्यायचा, हे मलाही मान्य नाही. मला विचाराल तर हाताला काम आणि कामाला दाम हेच खरं. पण तो जाब सरकारला विचारा. जिना झाडणाऱ्या बाईचा पगार कापून राज्याचं कर्ज फिटणार नाही.

आणि घाम गाळत नाही कोण? आपल्याकडच्या ताई सकाळी साडेसहाला येतात, सात मजले झाडतात, मग पुढच्या सोसायटीत जातात. काल दुपारी जिन्यात त्यांच्याशेजारी बसून मी फॉर्म भरत होते. फोनची काच तडकलेली, आकडे नीट दिसेनात. त्यांचा ओटीपी आला, आम्ही दोघी खूश. पुढच्या पानावर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला. दोघंही हयात नाहीत. त्यांनी फोन पायरीवर पालथा ठेवला आणि झाडू उचलला. काही बोलल्या नाहीत.

मृत्यूचा दाखला गावाकडे पेटीत आहे. तो आणायला जायचं म्हणून रजा मागितलीय.

डी-३०३: ताई, हे माहीतच नव्हतं. माझ्या सासूबाईंचं गावाकडे असंच अडलंय, त्यांचाही फॉर्म बघाल का?

सी-१०४: बघते ना. दुपारी फोन करा.

सचिव (ए-५०१): रजेचा विषय कमिटीचा आहे. भरपगारी द्यायची, मी नोंद करतो. कुणाची हरकत असेल तर रविवारी मीटिंगला या.

बी-७०१: हरकत नाही. योजनेच्या खर्चाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

सी-१०४: असू दे की दादा, त्यावर रविवारी बोलू. बरं, कुणाकडे चालू प्रिंटर आहे का? दाखला आला की दोन प्रती काढायच्या आहेत.

ए-२०२: माझ्याकडे आहे. संध्याकाळी सातनंतर पाठवा त्यांना.