रोडबाइकला ११-३४ कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) बसवायची आहे, सध्याचा आरडी (मागचे गिअर बदलणारा डिरेलर) चालेल का?

कपाशीवाला:
राम राम मंडळी. अचलपूर तालुक्यातून लिहून राहिलो. सेकंडहँड रोडबाइक घेतली आहे, गिअरचा संच शिमानो १०५ आर७०००, ११ स्पीड, पुढे ५० अन ३४ दातांच्या दोन चकत्यांचा कॉम्पॅक्ट क्रँक, मागे ११ ते २८ दातांची कॅसेट, टायर २८ एमएमचे. सपाटीवर गाडी मस्त पळते, अंजनगाव दर्यापूर कुठंही जा, पण परतवाड्याहून चिखलदऱ्याले निघालं अन धामणगाव गढी सोडली की जो चढ लागते तिथं शेवटचा गिअर टाकूनही जोर पुरत नाही, गुडघ्याच्या वाटीखाली दुखते, उभं राहून पॅडल मारावं लागते. पावसाळ्यात घाट हिरवागार होते तेव्हा बसून आरामात चढायची इच्छा आहे. म्हणून ११-३४ टाकायचा विचार आहे. गावातला सायकलवाला म्हणते टाकून देऊ, फ्रीव्हीलच तर बदलायचं आहे. पण आरडीच्या मागे आरडी-आर७०००-एसएस असं लिहिलेलं आहे अन एसएस म्हंजे छोटा केज (आरडीचा चेन ताणून धरणारा खालचा भाग) असं समजलं. यूट्यूबवर कोणी म्हणते बी-स्क्रू (आरडी मागच्या चकत्यांपासून दूर-जवळ करणारा स्क्रू) आवळला की चालते, कोणी म्हणते चेन तुटून आरडी स्पोकमध्ये जाईन. नुसती कॅसेट घेऊ की अजून काही लागते? पैसे गेले तर चालते पण एकदाच गेले पाहिजे.

गाविलगड_रायडर:
भाऊ, घ्यायच्या आधी आरडीचा नंबर पाहिला हे लय चांगलं केलं. दोन आकडे पाहायचे. पहिला, आरडी किती दातांच्या कॉगपर्यंत, म्हंजे कॅसेटच्या एका चकतीपर्यंत, चालते. आर७००० एसएसची मर्यादा ३०, जीएस म्हंजे लांब केजवाल्याची ३४. दुसरा कपॅसिटीचा, म्हंजे गिअर बदलल्यावर जेवढी चेन ढिली पडते तेवढी केजनं ओढून धरली पाहिजे. तो हिशोब सोपा आहे, पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक अन मागच्या मोठ्या-लहान कॉगमधला फरक यांची बेरीज. तुह्या गाडीचं आज १६ अन १७, झाले ३३. एसएसची कपॅसिटी ३५ आहे म्हणून काही त्रास नाही. ११-३० टाकली तर १६ अन १९, बराबर ३५, काठावर पण नियमात बसते. ११-३४ टाकली की १६ अन २३, ३९ झाले, अन जीएसची कपॅसिटी नेमकी ३९ आहे. म्हंजे ३४ पाहिजे तर आरडी जीएसच लागते, अन चेनही नवीन, कारण जुनी आखूड पडते. जुन्या चेनवर चुकून पुढचा मोठा अन मागचा मोठा एकत्र पडला तर चेन इतकी ताणते की आरडी पुढं ओढला जाते अन हँगर (आरडी फ्रेमले जोडणारा तुकडा) वाकते नाहीतर तुटते. घाटात ते झालं तर गाडी टेम्पोत टाकूनच खाली आणावी लागते, म्हणून सांगून राहिलो.

तुरीचं_वावर:
मी थोडं वेगळं सांगतो. कंपनी आकडा हातचा राखूनच देते. माझ्या गाडीले हाच एसएस आरडी आहे अन त्याच्यावर ११-३२ चालून राहिली, बी-स्क्रू आत घेतला, चेन नवीन लांब टाकली, बस. फक्त पुढचा लहान अन मागचा लहान लावला की चेन लोंबते म्हणून तो गिअर मी लावतच नाही, तसाही तो कोणी लावत नाही. पण प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असते, एखाद्या गाडीत आरडीची वरची पुली (छोटं दातेरी चाक) कॉगले घासते, तेव्हा माझ्या गाडीत जमलं म्हणून तुमच्यात जमंल असं नाही म्हणत. अन एसएसवर ३४ मात्र मी कोणालेच सांगणार नाही.

गाविलगड_रायडर:
दादा, ३२ चं तुमचं बराबर आहे, लय जण चालवतात. पण या भाऊले पैसे एकदाच लावायचे आहेत, अन ३२ वर मन नाही भरलं तर परत सगळं घेणं आलंच.

वर्धेची_सायकल:
नमस्कार, मी गिअरच्या बाजूने लिहिते. २८ च्या टायरला चाकाचा घेर साधारण २.१३ मीटर येतो. चढावर तुम्ही ताशी ९ किलोमीटरने जाताय असं धरलं तर ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) मिनिटाला जेमतेम ५८ वेळा पॅडल फिरतं, ३४-३० वर ६२, आणि ३४-३४ वर ७०. वेग तोच, ताकद तीच, पण प्रत्येक पॅडलमागे गुडघ्यावर येणारा जोर सहाव्या हिश्शाने कमी. तुम्ही गुडघ्याचं लिहिलंय म्हणून सांगते, ५८ आणि ६२ मध्ये जाणवण्यासारखं फार काही नाही, ७० मध्ये आहे. त्यामुळे ३० वर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत.

आता तोटाही ऐका, तो कोणी लिहिलाच नाही. तुमच्या ११-२८ मध्ये ११-१२-१३-१४-१५ असे एकेका दाताने गिअर आहेत. ११-३४ मध्ये ११-१३-१५-१७ असं दोन-दोन दातांनी सुरू होतं, १२ आणि १४ गायबच. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात झाड नाही काही नाही, समोरून वारा लागला की एक गिअर जड वाटतो आणि दुसरा हलका, मधला मिळत नाही. ग्रुपमध्ये चालवताना हे जास्त टोचतं. एकटे चालवत असाल आणि डोंगर जवळ असेल तर मी तरी ३४ च घेईन.

कपाशीवाला:
ताई, हा हिशोब मले कोणीच सांगितला नव्हता, मनापासून धन्यवाद. एकटाच चालवतो जास्त करून, त्यामुळं ठरलं, ३४ कॅसेट, जीएस आरडी अन नवीन ११ स्पीडची चेन. शिफ्टर बदलावं लागते का? अन बसवणं घरीच करायचं आहे, गावात फ्रीव्हीलचा पाना आहे पण कॅसेटचा नाही. अजून एक, डब्यात स्पेसर येते म्हणतात ते टाकायचं की नाही?

गाविलगड_रायडर:
शिफ्टर अन एफडी (पुढचे गिअर बदलणारा डिरेलर) दोन्ही तेच राहतात, एसएस अन जीएसची केबल सारखीच ओढली जाते. पाना मात्र फ्रीव्हीलचा चालत नाही, लॉकरिंग म्हंजे कॅसेट घट्ट धरणारी रिंग, तिचं टूल अन चेन व्हिप (चेनचा तुकडा लावलेला दांडा) दोन्ही मागव, महाग नाही. चेन व्हिपनं कॅसेट धरून ठेवायची अन लॉकरिंग उलटी फिरवायची, पहिल्या झटक्याले कडक्कन आवाज येते, घाबरू नको. कॅसेट निघाली की फ्रीहब (कॅसेट ज्याच्यावर बसते तो चाकाचा भाग) फडक्यानं पुसून घे, आपल्या काळ्या मातीचा थर तिथं सिमेंटसारखा बसते. मग पातळ ग्रीस. खाचांपैकी एक अरुंद असते, ती जुळली तरच कॉग आत जाते, ठोकू नको. लॉकरिंगवरच ४० एनएम छापलेलं असते, टॉर्क रेंच नसला तर पाव मीटर दांड्याच्या टोकाले साधारण सोळा किलोचा जोर. शेवटी शेवटी कटकट आवाज येते तो बराबर आहे.

चेनची लांबी नीट काढ. आरडीतून न घालता पुढच्या ५० वर अन मागच्या ३४ वर चेन गुंडाळायची, जिथं दोन टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून मगच तोडायची. मग लो लिमिटचा स्क्रू, चेन ३४ वर चढली पाहिजे पण स्पोककडे एक केसही पुढं गेली नाही पाहिजे. त्यानंतर बी-स्क्रू, वरची पुली अन ३४ चा कॉग यांच्यात पाच-सहा एमएम अंतर. इंडेक्सिंग म्हंजे केबलचा ताण जुळवून प्रत्येक गिअर बराबर बसवणं, ते सगळ्यात शेवटी. स्पेसरचं ताई सांगतील, त्यांच्याकडे हीच कॅसेट आहे.

वर्धेची_सायकल:
टाकायचाच. १.८५ एमएमची पातळ चकती असते, सगळ्यात आत, स्पोकच्या बाजूला, ती आधी आणि मग कॅसेट. शिमानोची ही ११-३४ जुन्या ८-९-१० स्पीडच्या फ्रीहबवरही बसावी म्हणून अरुंद बनवलीय. तुमची आर७००० ची ११-२८ ज्या हबवर बसलीय तो ११ स्पीडचाच रोड हब आहे, म्हणजे तुम्हाला चकती लागणारच. ती राहिली तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने हलते. बसवून झाल्यावर ३४ चा कॉग बोटांनी धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, अजिबात हलायला नको.

कपाशीवाला:
समजलं ताई. सामान आलं की बसवतो अन चेन किती कड्यांची राहिली ते इथं टाकतो.