मदत हवी आहे: फेजंटच्या शिकारीला चोक कोणता लावावा? (12 बोअर, ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळी)

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, पाथरीकडं शेती. ताई-दाजी अमेरिकेत साउथ डकोटात असतात. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्याकडं चाललोय आणि दाजींनी फेजंटच्या (तितराच्या जातीचा मोठा पक्षी) शिकारीला न्यायचं ठरवलंय. धागा भरकटू नये म्हणून आधीच सांगतो, आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं तितर-लाव्यांना हात लावता येत नाही हे पक्कं माहीत आहे आणि तसा विचारही नाही. तिकडं रीतसर हंगाम असतो, परवाना काढावा लागतो, माणशी दिवसाला 3 नर आणि मादीला सोडून द्यायचं.

आमच्या घरी बारा बोअरची दुनळी आहे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा, उठली की परत आणा, हेच तिचं मुख्य काम. तिच्याबद्दल गावात एकच शास्त्र: "उजवी नळी जवळ मारती, डावी लांब." दाजींच्या बंदुकीला मात्र नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसवायचे चोक आहेत, छर्ऱ्यांचा पसारा कमी-जास्त करणारे. सिलिंडर, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, मॉडिफाइड आणि फुल. दाजी म्हणतात, तुझं तू ठरव.

डावीच्याच न्यायानं दोन्ही नळ्यांना फुल लावला तर काय बिघडलं? लांब गेलेला पक्षीही हाती लागेल असं वाटतंय. आणि काडतुसं शिशाची 5 नंबर घ्यावीत की स्टीलची?

काळी_माती:
दोन्हीकडं फुल? अजिबात नको, राव. मी क्ले टार्गेटवाला (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरणारा) आहे, शिकारी नव्हे, पण छर्ऱ्याचं गणित तेच.

चोकमुळं छर्ऱ्याला जोर चढतो असा आपल्याकडं समज आहे. जोर काडतुसाचा. चोक फक्त पसारा आवळतो. बारा बोअरची नळी साधारण 0.729 इंच. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ती तोंडाशी 0.010 इंचानं आवळतो, मॉडिफाइड 0.020 नं, फुल 0.035 च्या आसपास. मोजायची रीत ठरलेली आहे: 40 यार्डांवर 30 इंचांचं वर्तुळ, त्यात किती टक्के छर्रे बसले. सिलिंडरचे 40, इम्प्रूव्ह्डचे 50, मॉडिफाइडचे 60, फुलचे 70, हे ढोबळ आकडे. तुमची डावी "लांब मारती" ती एवढ्यासाठीच, तिचे छर्रे लांबवर दाट राहतात.

आता पक्षी 20 यार्डांवर उठला तर फुलचा पसारा जेमतेम परातीएवढा. चुकण्याचीच शक्यता जास्त, आणि नेमका बसला तर पक्ष्याचा खिमा, खायला काही उरत नाही.

गोदाकाठचा:
म्हणजे पक्षी किती अंतरावर उठतो त्यावर सगळं आहे तर. दाजींकडं कुत्री आहे, लॅब्राडोर. तिचा काही हिशेब धरायचा का?

मक्याच्या_पट्ट्यात:
धरायचाच. मी मूळ उदगीरचा, हल्ली इकडं साउथ डकोटातच असतो. कुत्र्याला जवळ ठेवलं तर पक्षी पायाशी भर्रकन उठतो, 15-25 यार्डांचा बार. मक्याच्या पट्ट्यात रांग धरून चाललात तर काही पक्षी पुढं पळत जातात आणि टोकाला लांबून उठतात. हंगाम सरत आला, बर्फ पडलं की ते इतके बिचकतात की मॉडिफाइडही कमी वाटतो. तुम्ही ऑक्टोबरात येताय. खालच्या नळीला इम्प्रूव्ह्ड, वरच्या नळीला मॉडिफाइड. बहुतेक लोक खालची आधी उडवतात, पण सिलेक्टर (आधी कुठली नळी उडवायची ते ठरवणारा खटका) कुठं आहे ते बघून घ्या. फुल डबीतच राहू द्या.

काडतुसाचं म्हणाल तर आधी जागा कुठली ते विचारा. सरकारी वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनीत) शिसं चालत नाही. स्टील शिशापेक्षा हलकं, म्हणून दोन नंबर मोठं घेतात, 5 च्या जागी 3 (नंबर लहान तेवढा छर्रा मोठा). आणि स्टीलचा छर्रा दबत नाही, त्याचा पसारा मुळातच आवळलेला. त्याला एक पायरी मोकळा चोक पुरतो. स्टील फुलमधून उडवायचं नाही, चोक बनवणाऱ्यानं चालतं म्हटल्याशिवाय तर नाहीच.

बरं, व्हिजिटर व्हिसावर इकडं बंदूक हातात घेणंसुद्धा गुन्हा आहे, पण इथल्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून दाजींना म्हणावं, परवाना पहिला, बाकी सगळं नंतर. कागद खिशात ठेवा.

गोदाकाठचा:
लय उपकार. परवान्याचं कुणीच बोललं नव्हतं, आजच फोन लावतो. एक बारकी शंका राहिली. दाजींनी फोटो पाठवलाय, चोकांवरची अक्षरं झिजलीत, नुसत्या खाचा दिसतात. ओळखायचे कसे?

काळी_माती:
कडेवरच्या खाचा मोजा. बहुतेक बनावटीत एक खाच म्हणजे फुल, तीन म्हणजे मॉडिफाइड, चार इम्प्रूव्ह्ड, पाच सिलिंडर. खाचा वाढल्या की चोक मोकळा. तरी कंपनीचं पुस्तक बघा. मग मोठ्या कागदावर 25 आणि 40 यार्डांवरून दोन्ही नळ्या एकेकदा उडवून पसारा डोळ्यांनी बघा, आमच्या आकड्यांपेक्षा तो कागद खरा.

मक्याच्या_पट्ट्यात:
आणि चोक काढून रिकाम्या आट्यांवर बार उडवू नका, आटे जातात. दिवसभरात चोक सैलही होतात. अधूनमधून बंदूक बिजागरीवर उघडा, काडतुसं काढा, नळी रिकामी बघा आणि मगच किल्लीनं आवळा.