विकास आराखड्यासाठी गावकऱ्यांकडून नकाशावर कामं मागवायची आहेत – साधन कोणतं?

पांदण_३२:
केळापूर तालुक्यातली गट ग्रामपंचायत, मूळ गाव आणि दोन कोलाम पोड (कोलामांच्या वस्त्या). हापशी, पांदण (शेतरस्ता), नाल्यांची कामं लोकांनीच नकाशावर दाखवावी असं ठरतंय. गूगल माय मॅप्सची लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर जमेल का? पोडावर रेंज नाही.

टिंबवाला:
लिंक नका टाकू भाऊ. बदल करायची मुभा दिली की कोणाच्याही हातून नकाशावरचं टिंब (जागेची खूण) सरकतं. शिवाय ग्रुपवर पोरं असतात, पाणी भरणाऱ्या बाया नसतात.

कोबोटूलबॉक्समध्ये (माहिती गोळा करायचं ऑनलाइन साधन) फॉर्म बनवा. त्याच्याच कोबोकलेक्ट ॲपवर रेंज नसतानाही भरता येतो, गावात आल्यावर पाठवायचा. प्रश्न सहा-सातच. ‘पाणीटंचाई आहे का’ याला सगळेच हो म्हणतात. ‘हापशी कोणत्या महिन्यात आटते’ असं विचारा. उत्तरं यादीतून निवडू द्या, नाहीतर हापशी, हँडपंप, बोरिंग असं तीन तऱ्हांनी लिहून येतं आणि मोजणी बिघडते. फोटोला १०२४ पिक्सेलची मर्यादा घाला.

टिंब घेताना अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत मोकळ्यावर थांबा. डेटा बंद असला की पहिल्यांदा उपग्रह सापडायला काही मिनिटं जातात. टिनाखाली किंवा मोहाच्या झाडाखाली घेतलेलं टिंब शेजारच्या वावरात पडतं.

शिवारनकाशा:
त्याआधी कागद. उन्हाळ्यातलं उपग्रह चित्र घ्या, पानगळीत वाटा दिसतात. ए-झिरो या मोठ्या कागदाच्या आकारात छापून पोडावर अंथरा, शाळा-नाला लोकांना ओळखू द्या, मग टिकल्या लावायला सांगा. महिलांची बैठक वेगळी, टिकलीचा रंगही वेगळा. टिकलीचा नंबर फॉर्ममध्ये आलाच पाहिजे, नाहीतर कागद आणि मोबाइलचा मेळ बसत नाही.

पांदणीचं जपून. मोबाइल घेऊन चालत काढलेल्या रेघेत पाच-दहा मीटरची चूक सहज येते, म्हणजे अख्खी पांदणच इकडची तिकडे. ‘कुठं अडते’ एवढंच तिच्यावरून सांगा. हद्द म्हणून दाखवली की धुऱ्याची (बांधाची) भांडणं लागलीच; हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीनंच ठरते.

पांदण_३२:
आणि ग्रामसभेत दाखवायचं कसं?

टिंबवाला:
कोबोतून सीएसव्ही (उत्तरांच्या तक्त्याची फाइल) उतरवून यूमॅपमध्ये (ऑनलाइन नकाशा बनवायचं साधन) टाका. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांना lat, lon अशी नावं द्या (इंग्रजी लिपीत), तरच टिंबं उमटतात. नावं, फोन नंबर, कोणाकडे संडास नाही हे रकाने आधीच काढा. रंग निधीप्रमाणे ठेवा: १५व्या वित्त आयोगात (२०२१–२६) ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठी बंधित (फक्त त्याच कामांना वापरायचा) होता, त्यातून पांदण होत नव्हती. सभेला छापील नकाशा न्या, नेटच्या भरवशावर राहू नका.