पाळक नसलेले तीन रविवार : गावच्या मंडळीचे अनुभव लिहा

सलाम मंडळी! (मंडळी म्हणजे तुम्ही सगळे, आणि मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, दोन्ही अर्थांनी घ्या.)

राहतो वडगाव शेरीत, गाव शिरूर तालुक्यात. गावात ख्रिस्ती घरं अठरा, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनची. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, चार गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला महिन्यातला एकच रविवार. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, त्याच दिवशी, कारण ते दुसऱ्या कुणाच्या हातून चालत नाही. उरलेले तीन रविवार उपासना माझी आजी चालवायची. घंटा म्हणून लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला, तोही तीच वाजवायची.

आजीला लिहिता येत नव्हतं, वाचता यायचं. शब्बाथशाळेत (चर्चच्या रविवारच्या शाळेत) तेवढंच शिकवलेलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. संदेशाची, म्हणजे प्रवचनाची वेळ आली की म्हणायची, "मला काय सांगता येत नाय. मगाशी वाचलं तेच पुन्यांदा वाचते." आणि खरंच तोच अध्याय पुन्हा पहिल्यापासून. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय मला पाठ आहे तो त्यामुळे. शहरात मोठमोठ्या वक्त्यांचे संदेश ऐकले, आठवत एकही नाही.

तर तुमच्याकडे हे तीन रविवार कोण ओढायचं? छोट्या मंडळीबद्दलचं काहीही लिहा, भांडणंसुद्धा.

*

मी पाळकाची मुलगी, म्हणजे पलीकडच्या बाजूची. वडिलांची जुनी राजदूत मोटरसायकल होती. पावसाळ्यात ती ओढ्यात बंद पडली की लोक दुपारी एकपर्यंत चर्चमध्ये बसून गीतं म्हणायचे. मंडळीची वर्गणी वेळेवर जमायची नाही, मग पगारही लांबायचा. लोक बाजरी मात्र द्यायचे. आमच्या घरात बाजरी कधी कमी पडली नाही, साखर पडायची.

हंगामाच्या सणाची एक गोष्ट सांगते. लोक शेतातलं, घरातलं जे असेल ते अर्पण म्हणून आणतात आणि उपासना संपली की त्याचा लिलाव होतो. आमच्याकडे तो चिंचेखाली व्हायचा. भोपळे, शेंगा, पाय बांधलेली कोंबडी. एका म्हातारीने पदराच्या गाठीत एकच गावठी अंडं आणलेलं. बोली लागली, घेणाऱ्याने पैसे भरले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं. पुन्हा बोली. असं नऊ वेळा झालं. म्हातारी पुढे बसून बोटांवर मोजत होती. शेवटी वडिलांनी एकवीस रुपयांना घेतलं आणि घरीच आणलं. आई संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, कारण महिन्याचा पगार अजून यायचा होता. रात्री त्या अंड्यात चार कांदे घालून आम्ही पाच जण जेवलो.

लोकांना पाळकसाहेब दिसतात. पाळकीणबाईंनी काय काय निभावलं ते कुणी विचारत नाही.

*

शिरूरचा विषय निघाला की शेजारच्या दौंड तालुक्यातलं केडगाव यायलाच हवं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांत माझी पणजी होती. पुढे मुक्ती मिशनच्या छापखान्यात ती अक्षरांचे खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. ते १९२४ला निघालं. रमाबाई १९२२च्या एप्रिलमध्येच गेलेल्या.

आजी सांगायची, पणजीला उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय की समोरच्याच्या हातातलं पुस्तक ती पलीकडूनच वाचायची. लग्न होऊन ज्या खेड्यात गेली तिथे गीतांची पुस्तकं तीनच. एका पुस्तकाभोवती चौघी, आणि पणजी कायम उलट्या बाजूला.

*

मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? आमचं घर माळकरी. चोवीस डिसेंबरच्या रात्री ख्रिस्ती आळीतली पोरं पेटी, ढोलकी, टाळ घेऊन दारोदार यायची. पहिल्या वर्षी आजोबा अंथरुणातून उठून म्हणाले, "आज कुठली एकादशी?" चाल अभंगाची, शेवटी नाव येशूचं. कॉलेजात गेल्यावर कळलं की ना. वा. टिळकांनी असे अभंग भरपूर लिहिलेत आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. आजोबांना सांगितलं. "मग बरोबर आहे," म्हणाले आणि आजीला चहा टाकायला लावला. त्यानंतर दरवर्षी आमच्याकडे चहा, त्यांच्याकडून करंज्या. करंज्यांत खसखस जरा जास्तच असायची.

*

गोड आठवणी वाचल्या, आता कडू ऐका. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले, आम्ही दलित ख्रिस्ती बाहेरच. माझा दाखला ओबीसीचा. पण गावच्या विहिरीवर आमच्या आज्याला कुणी धर्म विचारला नाही, जातच विचारली. आणि खरं सांगायचं तर लग्न जमवताना आमच्या मंडळीतही हळूच तेच विचारतात.

*

वरच्यांशी सहमत. शिवाय अठरा घरांत सगळेच मामा नाहीतर काका. स्थळं बघायला नगर नाहीतर जालना.

*

आमच्या दफनभूमीला रस्ता नाही. चारी बाजूंनी ऊस. दर मयताला बांधावरून एकेरी रांग, पेटी धरणाऱ्यांचा एक पाय बांधावर, एक सरीत. चुलते गेले तेव्हा आदल्या रात्री पाऊस झालेला, बांध शेवाळलेला. आम्ही उभे. ज्याच्याशी हद्दीवरून दोन पिढ्यांचं भांडण, तो शेजारी कोयता घेऊन आला. पोटात गोळा आला. त्याने काही न बोलता दोन सऱ्या ऊस तोडून वाट केली आणि पेटी पुढे गेल्यावर टोपी काढून मागे चालू लागला. पुढच्या महिन्यात मोजणीला पुन्हा भांडला, ते वेगळं.

*

धागा काढणारा पुन्हा. गेल्या रविवारी गावी गेलो होतो. आजी नाही, आता उपासना चुलत बहीण चालवते, अंगणवाडीत कामाला आहे. मंडळी सात. त्यातला सातवा दूधवाला, पावसात अडकला म्हणून कॅन घेऊन आत आलेला. बहिणीने त्यालाही गीताचं पुस्तक दिलं. त्याने ते शेवटपर्यंत उघडून धरलं. अर्पणाची थैली फिरली तेव्हा मात्र गडबडला, खिशात सुट्टे नव्हते. मग जाताना चर्चच्या पायरीवर अर्धा लिटर दूध मोजून ठेवलं. बहीण म्हणाली, आता याचा लिलाव करायचा की चहा? आम्ही चहा केला.