मदत हवी आहे: एल्ट्रोम्बोपॅग चालू असताना गुडघेदुखीवर काय देता येतं?

आईला आयटीपी आहे, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं. मिरजेच्या डॉक्टरांनी एल्ट्रोम्बोपॅग, म्हणजे प्लेटलेट्स वाढवणारी गोळी, सुरू केलीय. प्लेटलेट्स आता ४८ हजारांवर आल्यात. पण गुडघे जाम दुखतात, आणि तासगावात शेजारीपाजारी प्रत्येकाकडे एक 'रामबाण' गोळी आहेच!

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको हे पक्कं ठाऊक आहे. या गोळ्यांनी प्लेटलेट्सचं चिकटण्याचं काम मंदावतं, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आधीच संख्या कमी, त्यात असलेल्याही निकामी करायच्या कशाला? अ‍ॅस्पिरिनचंही तेच. अडलंय ते पॅरासिटामॉलपाशी. ते प्लेटलेट्सना त्रास देत नाही, पण लिव्हरवर भार टाकतं. एल्ट्रोम्बोपॅगनेही लिव्हरचे आकडे वाढू शकतात, म्हणून दर थोड्या दिवसांनी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करावी लागते. मग दोन्ही सोबत कितपत चालतं? तुमच्या डॉक्टरांनी दिवसाला किती मर्यादा घालून दिली होती?

आमच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे, तोवर मनाने काही देणार नाही. तिथे काय काय विचारायचं, ते मात्र अनुभवी लोकांकडून हवंय. वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल कुणाला चालू दिलं होतं का?

आणखी एक. एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दूध, दही, कॅल्शियम, अँटासिड यांच्या २ तास आधी किंवा ४ तास नंतर घ्यायची असते. चहाशिवाय आईची सकाळ होत नाही. तुम्ही वेळ कशी बसवलीत?